वादळामागे धावणारी माणसे



आजचा विषय फळ्यावर लागल्यापासून चार ओळखीच्या मंडळींनी आम्हांला रस्त्यात गाठून विचारले, की कामगार चळवळीतल्या माणसाने वादळावर बोलायचे म्हणजे काय? फाटकावरची तुमची भाषणे वादळी होतात हे ठाऊक आहे, पण खऱ्या वादळाशी तुमचा संबंध कोणता? प्रश्न वाजवी आहे. आम्ही हवामानशास्त्राचे पदवीधर नाही. कशाचेच पदवीधर नाही. आमची शाळा सुटली ती कारखान्याच्या फाटकाशी, आणि पुढचे जे काही शिक्षण झाले ते नगर वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत. अमेरिका आम्ही पाहिलेली नाही. जे सांगणार ते वाचलेले, आणि अलीकडच्या काळात त्या लोकांनी घेतलेल्या चित्रफितींतून पाहिलेले.

मात्र धोक्याचे काम हा आमचा जन्माचा विषय आहे. बॉयलर, पॉवर प्रेस, गटाराचे मॅनहोल, बाराव्या मजल्यावरचा पाळणा, या ठिकाणी माणूस का उतरतो, कोण त्याला उतरवतो आणि तो वर आला नाही तर कोण काय म्हणतो, हे आम्ही तीस-बत्तीस वर्षे पाहत आहोत. तिथे माणूस पोटासाठी धोक्याकडे जातो. मग कधी तरी वाचनात आले, की अमेरिकेत काही माणसे पदरचे पेट्रोल जाळून, रजा टाकून, धोक्याच्या दिशेने मोटार हाकतात. प्रथम हसू आले. मग थोडा रागही आला, की ही पोट भरलेल्यांची थेरे आहेत. पण वाचत गेलो तसे त्यात पुष्कळ निघाले, आणि ते आमच्या रोजच्या प्रश्नांपासून वाटले तितके दूर नाही.

आधी वस्तू कोणती ते पाहू. आपल्याकडे वादळ म्हटले की डोळ्यांसमोर समुद्रावरून येणारे चक्रीवादळ उभे राहते. २०२० चे निसर्ग, २०२१ चे तौक्ते. ते शेकडो किलोमीटर रुंद असते, चार दिवस आधी कळते, त्याचे बारसेसुद्धा होते. टॉर्नेडो ही निराळी जात. आमच्या कोशकारांनी त्याला घूर्णवाती वादळ असा भारदस्त शब्द दिलेला आहे, पण सोंड म्हटले तरी चालेल. ढगाच्या पोटातून हत्तीची सोंड खाली यावी तशी ती येते. रुंदी बहुधा काही शेकडा मीटरच्या आतच, आयुष्य काही मिनिटांचे, आणि बारसे होण्याइतका वेळ ती देतच नाही. वैशाखात माळावर पाचोळा उचलणारी वावटळ आपण सारे ओळखतो. पण ती तापल्या जमिनीची लेक, निरभ्र आकाशाखाली नाचते. टॉर्नेडोला वर प्रचंड गडगडाटी ढग लागतो.

हा ढग अमेरिकेच्या मध्यावरल्या सपाट मुलखात पिकतो. टेक्सस, ओक्लाहोमा, कॅन्सस, नेब्रास्का ही राज्ये त्याचे आगर. दक्षिणेकडे मेक्सिकोचे आखात, तिथून उबदार दमट वारा येतो. पश्चिमेकडे डोंगर आणि उंच पठार, तिकडून कोरडी हवा सरकते. आणि वर, दहा-बारा किलोमीटरांवर, जोराचा थंड वारा वाहत असतो. खालचा वारा एका दिशेने आणि वरचा दुसऱ्या दिशेने, दुप्पट-चौपट वेगाने, असे झाले की मधली हवा दोन तळव्यांत धरलेल्या लाटण्यासारखी आडवी फिरू लागते. चढत्या गरम हवेने ते लाटणे उभे केले की अख्खा ढगच फिरतो. अशा फिरत्या ढगांपैकी बहुतेकांतून सोंड उतरत नाही. काहींतूनच का उतरते, हे शास्त्राला आजही पुरते उलगडलेले नाही. वर्षाकाठी त्या देशात हजाराच्या आसपास किंवा थोडे अधिक टॉर्नेडो होतात. त्यांतले बहुतेक दुबळे, एखादे छप्पर उडवून संपणारे, आणि थोडेसे असे, की पक्क्या घराचा नुसता चौथरा मागे ठेवतात.

या संकटाचा एक इतिहास आम्हांला फार बोधक वाटला. १८८० नंतरच्या दशकापासून पुढे कितीतरी वर्षे अमेरिकेच्या सरकारी हवामान खात्यात ‘टॉर्नेडो’ हा शब्द अंदाजात वापरायचा नाही असा दंडक होता. लोक घाबरतील, व्यापार बसेल, आणि अंदाज चुकला तर खात्याची अब्रू जाईल, असा विचार. आपल्याकडेही नोटीस बोर्डावर ‘अपघात’ न लिहिता ‘घटना’ लिहिणारे व्यवस्थापक आहेत. शब्द झाकला म्हणजे वस्तू झाकली, हा समज सगळीकडचा. दरम्यान १८ मार्च १९२५ रोजी मिसुरी, इलिनॉय आणि इंडियाना या तीन राज्यांतून एकच टॉर्नेडो नांगर फिरवीत गेला आणि ६९५ माणसे मेली. त्यांना कोणी काही सांगितलेले नव्हते.

पहिला अंदाज आला तो लष्कराकडून. २० मार्च १९४८ रोजी ओक्लाहोमातल्या टिंकर विमानतळावर टॉर्नेडोने विमानांचा चुराडा केला. तिथल्या फॉबुश आणि मिलर या दोन हवामान अधिकाऱ्यांना वरून हुकूम आला, की असे पुन्हा होणार असेल तर आधी सांगा. पाचच दिवसांनी, २५ मार्चला, नकाशे तसेच दिसू लागले. दोघांनी धीर करून अंदाज दिला, आणि संध्याकाळी त्याच विमानतळावर दुसरा टॉर्नेडो आला. या वेळी बरीच विमाने आधीच हलवलेली होती. १९५० नंतर तो दंडक हळूहळू मोडीत निघाला.

आता पाठलागाकडे येतो. नॉर्थ डाकोटातल्या बिस्मार्क गावचा डेव्हिड होडली नावाचा तरुण १९५६ पासून आपल्या मोटारीतून वादळे शोधू लागला. ना पगार, ना पदवी, ना मार्गदर्शक. हवामान कचेरीत जाऊन नकाशे पाहायचे, स्वतः तर्क करायचा आणि निघायचे. १९७७ साली त्याने या नादाच्या लोकांसाठी ‘स्टॉर्म ट्रॅक’ हे नियतकालिक काढले. १९६१ साली नील वॉर्ड नावाचा हवामान खात्यातला संशोधक ओक्लाहोमाच्या महामार्ग पोलिसांच्या गाडीत बसून, रेडिओवरून रडारवाल्यांशी बोलत, एका टॉर्नेडोपर्यंत पोचला. शास्त्राच्या कामासाठी केलेला हा पहिला पाठलाग म्हणतात. १९६४ साली ओक्लाहोमात नॉर्मन गावी उग्र वादळांची राष्ट्रीय प्रयोगशाळा निघाली, आणि १९७२ पासून तिथल्या लोकांनी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन पाठलाग पद्धतशीर सुरू केला.

त्याचे फळ २४ मे १९७३ रोजी मिळाले. युनियन सिटी या गावी (नाव ऐकून आम्हांला उगीच आपुलकी वाटली!) एक टॉर्नेडो जन्मापासून मरणापर्यंत माणसांनी जमिनीवरून टिपला आणि त्याच वेळी प्रयोगशाळेच्या डॉप्लर रडारने तो वरून पाहिला. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या तेव्हा कळले, की सोंड जमिनीला टेकण्याच्या कितीतरी आधी ढगाच्या पोटात तिची खूण रडारवर उमटलेली होती. ही खूण सापडली म्हणून पुढे साऱ्या देशात डॉप्लर रडारांचे जाळे उभे करण्याला जोर आला. आज तिथल्या गावांना धोक्याचा भोंगा सरासरीने दहा-बारा मिनिटे आधी ऐकू येतो. दहा मिनिटे म्हणजे काय, असे कोणी म्हणेल. मुले उचलून तळघरात उतरायला दहा मिनिटे पुष्कळ झाली. ज्यांना आम्ही पोट भरलेल्यांची थेरे म्हटले होते, त्यांच्या धावपळीचा या दहा मिनिटांत वाटा आहे, हे मान्य केले पाहिजे.

आता या माणसांचा दिवस कसा जातो ते सांगतो, कारण सिनेमा पाहून मोठा गैरसमज होतो. १९९६ साली ‘ट्विस्टर’ नावाचा बोलपट आला, त्यात दर पाच मिनिटांनी एक टॉर्नेडो येतो. प्रत्यक्षात सकाळी उठून नकाशे पाहायचे. दमट हवा कुठवर आली, कोरड्या हवेची कड कुठे आहे, वरचा वारा किती. त्यावरून दुपारी तीन-चारच्या सुमारास ढग कुठे फुटेल याचा तर्क करायचा आणि चारशे-पाचशे किलोमीटर मोटार हाकायची. मग एखाद्या खेड्यातल्या पेट्रोल पंपावर वाट पाहत बसायचे. आकाश निळे. गाडीत शिळे पाव. चार वाजता एक ढग उभा राहतो, फुलकोबीसारखा फुगतो आणि तासाभरात विरून जातो; किंवा फुटतो तो दोनशे किलोमीटर उत्तरेला. रात्री बाराला हात हलवीत परत. असे दहा-दहा दिवस सलग जातात. रोज फाटकावर येऊन काम न मिळता परत जाणारे बदली कामगार आम्ही पाहिले आहेत. ही चिकाटी आम्हांला ओळखीची वाटली, फक्त ती त्यांना परवडते.

आणि एखाद्या दिवशी जुळून येते. तो अनुभव त्यांनी जागोजाग लिहून ठेवला आहे. तुम्ही ढगाच्या आग्नेयेला, गव्हाच्या शेताच्या कडेला उभे असता. पाठीमागून उबदार दमट वारा अंगावरून ढगाकडेच ओढला जात असतो, जणू ढग श्वास घेत आहे. ढगाचा तळ काळा, सपाट, आणि त्यातून एक ठेंगणी भिंत खाली लोंबते. ती भिंत फिरते आहे हे डोळ्यांना पटायला मिनिट लागते, आणि पटले की माणूस बोलायचा थांबतो. पलीकडे गारांचा पडदा असतो, त्यातून हिरवट उजेड येतो. मग भिंतीखालून एक टोक उतरते, जमिनीवरून धूळ उठते, दोन्ही जुळतात. लांबून धबधब्यासारखा आवाज येतो. या दृश्यापायी माणसे वीस-वीस वर्षे उन्हाळ्याची रजा खर्च करतात, आणि त्यांना आम्ही वेडे म्हणणार नाही. सह्याद्रीच्या कड्यावर दोराने लोंबकळणारी आपली मुले काय करतात? थरार ही काही श्रीमंतांची मिरास नव्हे. दहीहंडीच्या सातव्या थरावर चढणारा पोरगा चाळीतलाच असतो.

पण थरार स्वतःपुरता असतो आणि रस्ता सगळ्यांचा असतो. हा मुद्दा आम्हांला सविस्तर मांडायचा आहे.

चार्ल्स डॉसवेल नावाचे या क्षेत्रातले थोर जाणते. त्यांनी पाठलागातले धोके क्रमाने सांगितले, तो क्रम ऐकून कोणीही चकित होईल. पहिला धोका मोटार चालवण्याचा, दुसरा विजेचा आणि तिसरा वादळाचा. गेल्या पन्नाससाठ वर्षांचा हिशेब त्यांच्या बाजूने आहे. पाठलागात गेलेला पहिला बळी १९८४ सालचा, ओक्लाहोमा विद्यापीठाचा एक विद्यार्थी. रस्त्यावर आलेल्या जनावराला चुकवताना ओल्या सडकेवर गाडी घसरली. ३० एप्रिल २०२२ च्या आदल्या रात्री त्याच विद्यापीठाची हवामानशास्त्र शिकणारी तीन मुले कॅन्ससमधले वादळ पाहून घरी परतत होती. पाण्यावरून गाडी घसरली आणि मालट्रकने तिला चिरडले. वादळ मागे राहिले होते. थकवा, अंधार, पाऊस आणि दिवसभरात झालेले आठशे-हजार किलोमीटर. आमच्या कापूस-साखरेच्या ट्रकवाल्यांना विचारा, ते हेच सांगतील.

वादळाने थेट मारलेले पाठलागी ३१ मे २०१३ पर्यंत कोणाला माहीत नव्हते. त्या दिवशी ओक्लाहोमातल्या एल रेनो गावाजवळ जे झाले त्याची हकीकत सांगण्याआधी टिम समारास यांच्याविषयी बोलले पाहिजे. आजचा विषय आम्ही घेतला तो बराचसा या माणसामुळे.

टिम समारास कोलोरॅडो राज्याचे. कॉलेजची पदवी नाही. लहानपणापासून रेडिओ उघडून जोडायचा नाद. विशीच्या सुमारास डेन्व्हरच्या एका संशोधन संस्थेत कामाला लागले आणि स्फोटांची मापे घेण्यात वाकबगार झाले. पदवीवाल्यांना जे साधले नव्हते ते त्यांनी करून दाखवले. टॉर्नेडोच्या पोटात यंत्र ठेवून माप घ्यायचे ही कल्पना जुनी होती. १९८० नंतर प्रयोगशाळेच्या लोकांनी एक भलेमोठे पिंप घेऊन तो खटाटोप केला होता, पण पिंप वाटेत ठेवणे जमले नाही. समारास यांनी कासवाच्या पाठीसारखे, बसके, वीसएक किलोचे यंत्र घडवले, जे वारा उचलण्याऐवजी खाली दाबतो. २४ जून २००३ रोजी साउथ डाकोटातल्या मँचेस्टर या खेड्याजवळ त्यांनी ते यंत्र रस्त्याच्या कडेला ठेवले आणि गाडी पिटाळली. टॉर्नेडो बरोबर त्यावरून गेला. हवेचा दाब १०० मिलिबारांनी उतरल्याची नोंद झाली, आणि तसे माप तोवर कोणी घेतलेले नव्हते. त्याच टॉर्नेडोने ते खेडे नकाशावरून पुसले.

हा माणूस बेफाम नव्हता. जाणत्यांत त्यांची ख्याती सावधपणाची होती. हे ध्यानात ठेवून एल रेनोची हकीकत ऐका.

संध्याकाळी सहाच्या सुमारास सोंड उतरली. प्रथम ती आग्नेयेकडे सरकत होती. मग वळली, वेग वाढवला आणि फुगली. इतकी, की रुंदी ४.२ किलोमीटर भरली; इतका रुंद टॉर्नेडो तोवर नोंदला गेला नव्हता. पावसाने वेढलेली असल्याने कड कुठे आहे हे डोळ्यांना दिसत नव्हते. आणि मोठ्या भोवऱ्याच्या आत लहान भोवरे स्वतःच्या निराळ्या वाटेने फिरत होते, त्यांतले वारे रडारने ताशी ४८० किलोमीटरांच्या आसपास मोजले. समारास, त्यांचा चोवीस वर्षांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग हे तिघे एका लहानशा मोटारीतून पूर्वेकडे निघाले होते. कच्चा रस्ता, समोरून ढगात ओढला जाणारा वारा. लहान भोवऱ्यांपैकी एकाने गाडी उचलली. तिघेही गेले. समारास पंचावन्न वर्षांचे होते, म्हणजे आमच्याच वयाचे. त्या सोंडेने आठ बळी घेतले, त्यांत चार पाठलागी. चौथा तिथलाच एक हौशी मनुष्य. एका दूरचित्रवाणी कंपनीची गाडी दीडदोनशे मीटर लांब फेकली गेली, आतले लोक जखमी होऊन वाचले.

त्या संध्याकाळी रस्ते तुंबलेले होते. अकराच दिवसांपूर्वी, २० मे रोजी, जवळच्या मूर गावी टॉर्नेडोने २४ माणसे मारली होती, त्यांत एका शाळेतली सात मुले. लोक धास्तावून घरेदारे सोडून मोटारींतून पळत होते. आणि त्याच रस्त्यांवर पाठलाग्यांच्या गाड्यांची रांग. पळणाऱ्याची वाट पाहायला आलेल्याने अडवायची, याला काय म्हणावे?

म्हणून रीत हवी. ती रीत जुन्या मंडळींनी घालून दिलेली आहे, आणि ती ऐकताना आम्हांला कारखान्यातल्या सुरक्षा समितीच्या बैठकीची आठवण झाली. ढगाच्या आग्नेय बाजूने राहावे, कारण ढग बहुधा ईशान्येकडे जातो. निसटायला दोन रस्ते नसतील तिथे थांबू नये. पावसानंतर मातीच्या रस्त्यावर उतरू नये. टाकी दुपारीच भरून घ्यावी. चालवणाऱ्याने फक्त चालवावे. नकाशा, रडार आणि कॅमेरा दुसऱ्याकडे. गारांचा पडदा फोडून पलीकडे काय आहे ते पाहायला जाऊ नये. थांबायचे तर गाडी डांबरावरून पूर्ण खाली घ्यावी. शेतकऱ्याचे कुंपण ओलांडू नये. विजा पडत असतील तर गाडीत बसावे. आणि सोंड एखाद्या वस्तीत शिरली की कॅमेरा खाली ठेवून ढिगाऱ्याकडे जावे, तेही तिथले बचाव पथक सांगेल तसे. दुसऱ्याचे घर उडत असताना आनंदाच्या आरोळ्या ठोकलेल्या चित्रफिती आम्ही पाहिल्या आहेत. त्या पोरांना दुष्ट म्हणवत नाही, पण आत कोणी होते का हे त्यांना त्या क्षणी सुचलेले नसते.

चित्रफितीवरून आणखी एक. २६ एप्रिल १९९१ रोजी कॅन्ससमध्ये काही माणसे महामार्गाच्या पुलाखाली दडली आणि वाचली. त्याचे चित्रण देशभर दाखवले गेले, आणि पूल म्हणजे आसरा असा समज लोकांत पसरला. खरे पाहता पुलाखाली वारा अरुंद बोळात शिरल्यासारखा चेव धरतो. ३ मे १९९९ रोजी ओक्लाहोमात पुलांखाली आसऱ्याला थांबलेली तीन माणसे मेली. चित्र काढणाऱ्याचे काम चित्र दाखवले की संपत नाही.

आता आमच्या धंद्यातला मुद्दा. या लोकांना मोबदला कसा मिळतो? संशोधक पगारी असतात. बाकीचे हौशी, आणि काही असे, की चित्रफीत वाहिनीला विकतात, किंवा आजकाल गाडीतूनच थेट प्रक्षेपण करून प्रेक्षकांकडून पैसे मिळवतात. म्हणजे पीस रेट. दुरून घेतलेल्या चित्राला भाव नाही, जवळच्याला आहे, त्याहून जवळच्याला त्याहून अधिक. पीस रेट काय करतो हे आम्हांला कोणी सांगायला नको. आमच्या भागातल्या एका कारखान्यात पॉवर प्रेसला दोन बटणे होती. दोन्ही हात बटणावर असले तरच प्रेस खाली यायची, म्हणजे बोटे आत राहण्याचा प्रश्न नाही. नगावर दर लागला आणि महिन्याभरात एक बटण तारेने बांधलेले दिसू लागले. तार कामगारानेच बांधली होती. मालक म्हणाला, आम्ही सांगितले होते काय? नव्हते सांगितले. दर ठरवला होता.

२८ मार्च २०१७ रोजी टेक्ससमधल्या स्पर गावाजवळ एका चौकात दोन गाड्यांची टक्कर झाली. एकीत दोन पाठलागी होते, एका मोठ्या हवामान वाहिनीसाठी कंत्राटावर काम करणारे. थांबा असा फलक असताना ते भरधाव आत आले. दुसऱ्या गाडीत पंचवीस वर्षांचा एक तरुण होता, तोही वादळ टेहळण्याच्याच नादाचा. तिघेही जागीच गेले. तरुणाच्या आईने वाहिनीवर साडेबारा कोटी डॉलरचा दावा लावला. दाव्यातला आरोप असा, की हे दोघे बेदरकार हाकतात हे वाहिनीला आधीपासून ठाऊक होते, तरी कार्यक्रम रंगतो म्हणून चालू दिले. वाचताना आम्हांला आईचे बोलणे ओळखीचे वाटले. कंत्राटी माणूस मेला की तो आमच्या मस्टरवर नव्हता, असे उत्तर देणारे पुष्कळ भेटले आहेत. आमचे मत स्पष्ट आहे. जो धाडसाचे चित्र विकत घेतो, त्याने धाडसाची जबाबदारीही विकत घेतली पाहिजे. ताशी किती वेगाने, किती तास सलग, जोडीला कोण, विमा कोणाचा, हे कंत्राटात लिहिलेले हवे.

पाठलाग्यांना परवाना असावा, असे तिकडे मधूनमधून निघते. आम्ही त्या बाजूचे नाही. परवाना म्हणजे पट्टा बांधलेला मुकादम. खिशात परवाना असलेला माणूस फलक तोडणार नाही याची हमी काय? वेगमर्यादेचा कायदा आहे, रस्ता अडवण्याविरुद्ध कायदा आहे, तो पाळून घ्यावा. विकत घेणाऱ्याला बांधावे.

आपल्याकडचे म्हणाल, तर टॉर्नेडो ही फक्त अमेरिकेची वस्तू नाही. १७ मार्च १९७८ रोजी दिल्लीत विद्यापीठाच्या परिसरात उतरलेल्या टॉर्नेडोने २८ माणसे मारली. आणि जगातला सर्वांत घातक टॉर्नेडो झाला तो बांगलादेशात, २६ एप्रिल १९८९ रोजी, दौलतपूर आणि साटुरिया या भागात. सुमारे १३०० माणसे गेली. बंगालचे कालबैशाखी वारे म्हणजे याच कुळातले. तिथे ना तळघर ना भोंगा. पत्र्याची घरे, आणि उडालेला पत्रा तलवारीसारखा चालतो. तिथे पाठलाग कोणी करत नाही. दाट झाडी, नद्या, अरुंद रस्ते आणि जागोजाग वस्ती. वादळ दिसेपर्यंत अंगावर आलेले असते. महाराष्ट्रात आपला शत्रू वीज. देशात दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे विजेने मरतात, बहुतेक शेतात राबणारी. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने ‘दामिनी’ नावाची सोय मोबाइलवर केली आहे. जवळपास वीज पडण्याचा संभव असला की ती सांगते. पण बांधावर खुरपणाऱ्या बाईच्या हातात मोबाइल असतोच असे नाही, आणि असला तरी ती मुकादमाला विचारल्याशिवाय उठू शकते का, हाही प्रश्न आहे.

शेवटी एक गोष्ट, आणि मग प्रश्न घेऊ. रडार सरळ रेषेत पाहते आणि पृथ्वी वाकडी आहे, त्यामुळे लांबच्या गावात जमिनीलगत काय चालले आहे ते रडारला दिसत नाही. म्हणून १९७० च्या सुमारापासून अमेरिकेच्या हवामान खात्याने ‘स्कायवॉर्न’ नावाने गावोगावचे टेहळे तयार केले. त्यांची संख्या साडेतीन लाखांच्या वर आहे. शिक्षक, शेतकरी, पोस्टमन, निवृत्त फोरमन, सगळे बिनपगारी. हंगामाआधी गावच्या सभागृहात दोनएक तासांचा वर्ग असतो, फुकट. त्यात त्यांना कोणामागे धावायला शिकवत नाहीत. आपल्या गावाच्या कडेला सुरक्षित जागी उभे राहून कळवायला शिकवतात: तू कुठे उभा आहेस, कोणत्या दिशेला पाहतो आहेस, ढगाचा तळ फिरतो आहे की नुसताच काळा आहे, गार हरभऱ्याएवढी आहे की लिंबाएवढी, किती वाजले. पावसामुळे काही दिसत नसेल, तर दिसत नाही असेच कळवायचे.